घरट्यातले चार आठवडे

चैत्र संपून वैशाखाचे ऊन तापू लागले, की आमच्या साताऱ्याच्या घरी दरवर्षी एक ठरलेला प्रसंग घडतो. दुपारची वेळ असते. दारावर थाप पडते. दार उघडावे तो आळीतला एखादा मुलगा उभा. दोन्ही हातांची ओंजळ मिटलेली, धाप लागलेली. "सर, हे पिल्लू झाडाखाली पडलं होतं. बोका खाईल म्हणून उचलून आणलं. आता याला काय खायला घालू?"

मी काही पक्षिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण दुर्बीण घेऊन मी खिडकीत बसतो हे आळीने पाहिले आहे, आणि तज्ज्ञ ठरायला आपल्याकडे एवढे भांडवल पुरते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर खरे म्हणजे चार शब्दांचे आहे : जिथून आणलेस तिथे ठेव. पण हे उत्तर मुलाला पटत नाही. मोठ्या माणसांनाही पटत नाही. मलाही ते एक चूक केल्यावरच पटले. ती चूक, आणि तिच्यामुळे पुढच्या वर्षी मी जे लक्ष देऊन पाहिले ते, आज आपल्याला सांगावे असा विचार आहे.

हकिकत आहे बुलबुलाची. बुलबुल म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे फारसी आणि उर्दू काव्यातला, गुलाबावर आसक्त झालेला गवई पक्षी येतो. तो बुलबुल निराळा. इंग्रजीत ज्याला नाइटिंगेल म्हणतात तो. आपल्या अंगणातला बुलबुल हा साधा संसारी पक्षी आहे. मैनेहून थोडा लहान, काळे डोके, डोक्यावर आखूड तुरा, तपकिरी अंगावर खवल्यांसारखी नक्षी, आणि शेपटीच्या बुडाशी खालच्या बाजूला लालभडक डाग. त्या डागावरून त्याला 'लालबुड्या' असे सरळ मराठी नाव मिळाले आहे. नर आणि मादी दिसायला अगदी सारखी असतात. त्यामुळे आता अंड्यांवर बसली आहे ती आई की बाप, हे माझ्यासारख्या पाहणाऱ्याला सांगता येत नाही. मीही आज तसा भेद करणार नाही.

आमच्या पुढच्या व्हरांड्याच्या खांबावर मधुमालतीचा वेल चढलेला आहे. २०२३ च्या एप्रिल महिन्यात त्या वेलात, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, बुलबुलाच्या जोडीने घरटे केले. ते मला कळले तेव्हा पिल्ले बाहेर आलेली होती. मला कोण आनंद झाला! घरच्या घरी, दहा पावलांवर, असा सोहळा चालला आहे आणि आपल्याला तो नीट दिसत नाही, पाने आड येतात, याचे वाईट वाटले. मोबाइलवर एक चांगले छायाचित्र घ्यावे असेही मनात होते. मी कात्री आणली आणि घरट्यावर झुकलेल्या दोन डहाळ्या, फक्त दोनच, कापून टाकल्या. छायाचित्र सुरेख आले. चार ठिकाणी पाठवले. चौघांनी वाहवा केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो, तर जोडीतला एक पक्षी घरट्याच्या काठावर उभा. दोन्ही पंख अर्धवट पसरलेले, चोच उघडी, आणि धापा टाकतो आहे. मला वाटले, आजारी असावा. बारा वाजता तसाच, दीड वाजता तसाच. मग लक्षात आले, की कापलेल्या डहाळ्यांच्या जागेतून ऊन थेट घरट्यात येत आहे आणि हा पक्षी स्वतःच्या पंखांची सावली करून उभा आहे. दुसरा एकटाच चारा आणत होता. ज्या वेळी दोघांनी आणायला हवे त्या वेळी एकजण छत्री होऊन अडकला होता. मी धावत जाऊन तोडलेल्या डहाळ्या दोऱ्याने बांधल्या. पण तोडलेली डहाळी वैशाखात किती तास हिरवी राहणार? संध्याकाळी पाने वळून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या तारेवर कावळा बसलेला दिसला, आणि मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत घरटे रिकामे झाले होते.

आई म्हणाली, "अरे, तू वाईट हेतूने का केलंस?" हेतू वाईट नव्हताच. पण पिल्ले गेली ती गेलीच. पाहण्याची हौस आणि मदतीची हौस, दोन्ही सारख्याच अडाणी असू शकतात, एवढे त्या दिवशी मला समजले.

आता ही दोन डहाळ्यांची सावली एवढी महत्त्वाची का, ते पाहू. पिल्लांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. कोंबडीचे पिल्लू एकवीस दिवसांनी अंड्यातून बाहेर येते ते अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवून, आणि थोड्याच वेळात आईमागे दाणे टिपू लागते. माळावरच्या टिटवीची पिल्लेही तशीच. ही जमिनीवर जन्मणारी पिल्ले. त्यांना पहिल्या दिवसापासून पळता आले पाहिजे. बुलबुल, चिमणी, शिंपी, दयाळ अशा लहान पक्ष्यांनी मात्र दुसरी रीत पत्करली आहे. त्यांची अंडी दोन आठवड्यांच्या आत-बाहेर उबून निघतात, आणि बाहेर येते ते एक उघडे, आंधळे, गुलाबी मांसाचे बोटाच्या पेराएवढे पिल्लू. त्याला उभे राहता येत नाही, आणि स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. गार पडले तर ते गारठते, तापले तर तापत जाते. हे तापमान सांभाळणे पहिले काही दिवस सर्वस्वी आईबापांकडे असते. आपल्याला वाटते, पिल्लांना थंडी बाधते. आपल्या उन्हाळ्यात थंडीपेक्षा ऊनच अधिक मारते. म्हणून घरट्याची जागा निवडताना पक्षी जे पान डोक्यावर ठेवतो ते शोभेसाठी नसते. ते घराचे छप्पर असते आणि शत्रूपासून पडदाही तेच असते. मी एका कात्रीने दोन्ही काढून घेतली होती.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जोडी पुन्हा मधुमालतीत ये-जा करू लागली. तीच जोडी की दुसरी, हे सांगणे शक्य नाही. या खेपेस मी स्वतःला तीन नियम घालून घेतले. वेलाजवळ जायचे नाही. पान हलवायचे नाही. पाहायचे ते आतल्या खोलीच्या खिडकीतून, पडदा अर्धा लावून, दुर्बिणीने. घरात सर्वांना सांगितले. पेपरवाल्याला सांगितले. आईने देवपूजेची फुले तोडण्याची जागा बदलली. शेजेवरून उठल्याबरोबर थोडा वेळ आणि संध्याकाळी महाविद्यालयातून परतल्यावर थोडा वेळ, असा माझा पाहण्याचा क्रम ठरला. एक वहीही केली.

हे दूर बसून पाहणे काही कमी प्रतीचे नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ किहीम नावाचे गाव आहे. १९३० साली सलीम अली तिथे राहत होते. त्या वेळी त्यांना नोकरी नव्हती. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. आडोशाला बसून, तासन्तास, त्यांनी त्या वसाहतीचे निरीक्षण केले. सुगरणीचे घरटे नर विणतो. अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते. तिने पसंत केले तर ते पुरे होते, आणि मग तोच नर दुसरे घरटे विणू लागतो, दुसऱ्या मादीसाठी. हा सारा क्रम त्यांनी नोंदला आणि १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो छापून आला. लोक पिढ्यान्‌पिढ्या सुगरणीची घरटी पाहत होते. पण ते जवळ जाऊन घरटे पाहत. सलीम अलींनी दूर बसून सुगरण पाहिली.

आमच्या बुलबुलांनी घरटे पाच दिवसांत पुरे केले. बाहेरून पाहिले तर ते काहीच नव्हे. बारीक काटक्या, वाळलेली मुळे, गवताच्या काड्या, एक-दोन दोरे, आणि हे सारे बांधून ठेवायला कोळ्याचे जाळे. कोळिष्टक झाडून काढताना आपण पक्ष्यांचा सिमेंटचा साठा फेकून देतो, हे मला तेव्हा कळले. आकार लहानशा वाटीएवढा. मग ७, ८ आणि ९ एप्रिल, अशी रोज एक याप्रमाणे तीन अंडी झाली. घरटे रिकामे असताना आरशाच्या काठीने दोन सेकंद पाहिले, तेवढाच माझा अपराध. अंडी फिकट गुलाबी, त्यांवर तांबूस-जांभळे ठिपके, जाड टोकाकडे दाट झालेले. बुलबुल बहुधा दोन किंवा तीन अंडी घालतो.

तीनच का, दहा का नाहीत? हा प्रश्न पोरकट वाटेल, पण त्यावर मोठा विचार झालेला आहे. डेव्हिड लॅक या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १९४७ साली असे मांडले, की पक्षी अंडी किती घालतो हे त्याची ताकद ठरवत नाही, पिल्लांना पुरेसे खाऊ घालणे किती जणांपुरते शक्य आहे ते ठरवते. अंडी जास्त झाली तर चारा वाटला जाईल, सगळीच पिल्ले अशक्त निघतील आणि शेवटी कमीच जगतील. पुढे या विचारात पुष्कळ भर आणि दुरुस्ती झाली. शत्रूंची भीतीही त्यात आली. पण मूळ मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे : घरट्याचा हिशेब चाऱ्यावर चालतो.

२२ एप्रिलच्या सकाळी एक पक्षी अंड्याच्या कवचाचा तुकडा चोचीत धरून उडताना दिसला. संस्कृतात पक्ष्याला 'द्विज' म्हणतात, दोनदा जन्मणारा. एकदा अंडे म्हणून आणि एकदा अंड्यातून. हा त्यांचा दुसरा जन्म. कवचे घरट्याखाली टाकायची नाहीत, दूर नेऊन टाकायची. आत पांढरे, बाहेर ठिपकेदार असे तुकडे खाली पडलेले दिसले तर वर काय आहे हे कावळ्याला सांगावे लागत नाही. तिसरे अंडे मात्र उबले नाही. असे होते. घरट्यात दोन पिल्ले राहिली.

आणि मग खेपा सुरू झाल्या. सकाळी सात ते आठ या एका तासात मी एके दिवशी अकरा खेपा मोजल्या. पक्षी सरळ घरट्यावर कधीच येत नाही. आधी तारेवर, मग तगरीवर, इकडेतिकडे पाहून मग वेलाच्या मागच्या बाजूने आत. मी खिडकीत जरा जोरात हललो, की चोचीत अळी तशीच धरून तो तगरीवर ओरडत बसे. म्हणजे मी एक मिनिट पुढे सरकलो तर पिल्लांचा एक घास चुके. आपण 'फक्त पाहतो' असे म्हणतो. त्या पाहण्याचीही किंमत कोणीतरी देत असते.

आंधळ्या पिल्लाला घास आला हे कळते कसे? घरटे हलले की कळते. पक्ष्याचे वजन काठावर पडले की जरा हादरा बसतो आणि दोन्ही माना सरळ वर, चोची आ वासून उघड्या. निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाने एका सहकाऱ्यासह कस्तुराच्या जातीच्या पिल्लांवर असे प्रयोग करून १९३९ साली ते प्रसिद्ध केले होते. डोळे उघडण्यापूर्वी पिल्ले हादऱ्याने तोंड उघडतात, आणि तोंड नेहमी सरळ आकाशाकडे. डोळे उघडल्यावरही काही काळ ती आकाशाकडेच तोंड करतात. आईबापाच्या डोक्याच्या दिशेने मान वळवणे नंतर येते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अशा अभ्यासासाठी टिनबर्गनना १९७३ साली दोघा सहकाऱ्यांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या वहीत पाचव्या दिवशी नोंद आहे : डोळे किलकिले. सातव्या दिवशी : माना पक्ष्याच्या चोचीमागे वळतात. जगप्रसिद्ध प्रयोगातली गोष्ट आपल्या मधुमालतीत घडताना पाहिली, याचे मला भारी समाधान झाले.

आता, दोन चोची उघड्या असताना घास कोणाला? येथे आईबाप न्यायाधीश होत नाहीत. जी चोच सर्वांत उंच आणि सर्वांत उघडी, तिच्यात घास पडतो. भुकेले पिल्लू जास्त ताणते, पोट भरलेले खाली बसते, म्हणून चारा भरपूर असला की आपोआप वाटणी होते. घास घशात अडकून राहिला, गिळला गेला नाही, तर याचे पोट भरले आहे असे समजून पक्षी तो बाहेर ओढून दुसऱ्याला देतो. मात्र चारा कमी पडला तर हीच रीत निष्ठुर होते. धडधाकट पिल्लू नेहमी वर असते आणि अशक्त दर खेपेला अधिक अशक्त होत जाते.

स्वच्छतेची तऱ्हाही सांगण्यासारखी आहे. पिल्लाची विष्ठा एका पांढऱ्या, चिवट पातळ पिशवीत बंद होऊन बाहेर येते. घास दिल्यावर पक्षी क्षणभर थांबतो, पिल्लू उलटे वळते, आणि ती पिशवी पक्षी उचलतो. सुरुवातीला गिळून टाकतो, पुढे बरेचदा दूर नेऊन टाकतो. घरट्याला घाण नाही, वास नाही, खाली पांढरे शिंतोडे नाहीत. म्हणजे पुन्हा तेच : शत्रूला खूण नाही.

पण वहीतली सर्वांत महत्त्वाची नोंद चाऱ्याविषयी आहे. बुलबुल हा एरवी फळे खाणारा. उंबर, पिंपळाची फळे, तुती, घाणेरीची काळी बोरे हा त्याचा आहार. पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना त्याने पहिले काही दिवस दिले ते किडे. अळ्या, छोटे नाकतोडे, कोळी. कारण उघड आहे. बारा दिवसांत बोटाच्या पेराचा पक्षी करायचा, मांस आणि पिसे घडवायची, तर फळातल्या साखरेने भागत नाही, प्रथिने लागतात. फळे आली ती नंतरच्या दिवसांत, तीही किड्यांच्या जोडीने. आमच्या लिंबाच्या झाडावर हिरव्या अळ्या असतात, पाने खाऊन टाकतात. दरवर्षी मी औषध फवारीत असे. त्या वर्षी तसेच राहून गेले होते, आणि जोडीच्या निम्म्या खेपा लिंबाकडे होत होत्या. म्हणजे ज्या अळ्यांना मी कीड म्हणत होतो, तो कोणाचा तरी शिधा होता. फवारले असते तर मी पिल्लांना हात न लावताच उपाशी ठेवले असते.

कोणी म्हणेल, बुलबुल का दुर्मिळ आहे? नाही. पण चिमणी तरी कुठे दुर्मिळ होती? २०१० पासून दर २० मार्चला 'जागतिक चिमणी दिवस' पाळला जातो, आणि त्यामागे पुढाकार आपल्या नाशिकच्या महंमद दिलावर यांचा आहे. चिमणी कमी होण्याची कारणे अनेक. परंतु इंग्लंडमधल्या शहरांत जो अभ्यास झाला त्यात पिल्लांना पुरेसे किडे न मिळणे हे एक कारण दिसून आले. साध्या पक्ष्याची काळजी तो साधा आहे तोवरच घ्यायची असते.

आता शेवटचा अंक. आठव्या-नवव्या दिवशी पिल्लांच्या अंगावर निळसर-काळ्या नळ्यांसारखी पिसे फुटली, मग त्या नळ्या उलगडल्या. दहाव्या दिवशी घरट्यात जागा उरली नाही. ४ मेच्या सकाळी एक पिल्लू काठावर चढले, डगमगले, आणि चक्क खाली पडले. मला वाटले, संपले! पाय दारापर्यंत गेले होते. पण थांबलो. पंधरा मिनिटांनी दुसरेही तसेच 'पडले'. आणि मग कळले, की हे पडणे नव्हे, हे निघणे आहे. अशा पक्ष्यांची पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच घर सोडतात. शेपूट बोटभरही नाही, उडी एका हाताची, आणि तरी निघतात. हे वेडेपण वाटते, पण त्यात मोठी अक्कल आहे. पिल्ले मोठी झाली की घरटे गजबजते. ओरडा वाढतो, खेपा वाढतात, आणि कावळा, भारद्वाज, बोका, सरडा, साप, यांपैकी कोणालातरी पत्ता लागतोच. एका ठिकाणी सापडली तर सगळी जातात. चार झुडपांत विखुरली तर एखादे तरी राहते. म्हणून जितक्या लवकर घर सोडवेल तितके बरे. द्विजाचा हा एका परीने तिसरा जन्म आहे, आणि तो जमिनीवर होतो.

एक पिल्लू जास्वंदीच्या झुडपात घुसले, दुसरे लिंबाखाली बसले. दहा मिनिटांत चोचीत अळी घेतलेला पक्षी लिंबाखाली उतरला. मग जास्वंदीत गेला. म्हणजे घरटे संपले होते, पण संसार संपला नव्हता. पुढे आठवडाभर आणि त्याहून अधिक काळ आईबाप त्या पिल्लांना बाहेर भरवत राहिले. लिंबाखालचे पिल्लू दुसऱ्या दिवशी दिसेनासे झाले; सकाळी कावळ्यांचा गलका ऐकला होता. जास्वंदीतले मात्र महिन्याअखेर तारेवर बसून पंख फडफडवीत घास मागताना मी पाहिले. तीन अंड्यांतून एक. हे प्रमाण ऐकून आपल्याला वाईट वाटेल, पण लहान पक्ष्यांची पुष्कळशी घरटी याहून वाईट शेवट पाहतात. म्हणून तर ती जोडी त्याच हंगामात पुन्हा घरटे करते. आणि कावळ्याला शिव्या देण्यापूर्वी एवढे आठवावे, की एप्रिल ते जून हा त्याचाही विणीचा काळ आहे. त्याच्याही घरी तोंडे उघडी असतात.

तर मग दारावर थाप मारणाऱ्या त्या मुलाला काय सांगायचे? पहिली गोष्ट, पिल्लाकडे नीट पाहा. अंगावर पिसे असतील, ते उड्या मारीत असेल, तर ते पडलेले नाही, निघालेले आहे. रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावे, मांजर-कुत्रे थोडा वेळ बांधावे किंवा हाकलावे, आणि आपण दूर व्हावे. आपण जवळ उभे राहिलो तर आईबाप येत नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणून आपण त्याला पोरके समजतो. पिल्लू उघडे, बिनपिसांचे असेल, तर ते खरोखरच पडलेले आहे. घरटे शोधून अलगद परत ठेवावे. घरटेच वाऱ्याने किंवा वळवाच्या पावसाने खाली आले असेल, तर ते एखाद्या लहान टोपलीत ठेवून त्याच जागी सावलीत बांधावे. आईबाप बहुधा स्वीकारतात. दूध पाजू नये. पक्ष्याला ते पचत नाही. चोचीत पाणी टाकू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, पाणी तिकडे गेले तर पिल्लू दगावते. जखमी असेल तर वनखात्याला किंवा जाणत्या पक्षिमित्राला कळवावे. पाळायला तर ठेवूच नये. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरटी विस्कटणे हेही शिकारीतच धरले आहे, हे मोठ्यांनी ध्यानात घ्यावे. मधुमालतीची, कुंपणाची छाटणी पावसाळ्यानंतर करावी. फवारणी करण्यापूर्वी झाडात कोणाचे बिऱ्हाड आहे का, हे दूरूनच पाहावे.

येथे माझी आई नेहमी हरकत घेते. "माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, आम्ही लहानपणापासून ऐकत आलो." हे खरे नाही. इतके दिवस भरवलेले पिल्लू आईबाप आपल्या हाताच्या वासाने टाकून देत नाहीत. पण या समजुतीत शहाणपण आहे. घरटे बांधत असताना किंवा अंडी नुकती घातली असताना वारंवार जवळ गेले, तर पक्षी घाबरून घरटे सोडतात, हे मात्र खरे. जुन्या माणसांनी मुलांचे हात घरट्यापासून दूर ठेवण्यासाठी ही समजूत वापरली असेल, तर ती वाया गेली नाही. कारण चुकीचे, उपदेश बरोबर.

पुढच्या वैशाखात पुन्हा दारावर थाप पडली. शेजारचा, पाचवीतला मुलगा. ओंजळीत बुलबुलाचे पिल्लू, पिसे फुटलेले. त्याने ते कुठे उचलले ते विचारले आणि त्याच्याबरोबर गेलो. तगरीच्या खालच्या फांदीवर पिल्लू ठेवले आणि आम्ही दोघे समोरच्या पायरीवर बसलो. पाच मिनिटे काही झाले नाही. मुलगा चुळबुळत होता. "सर, नाही येणार ती. मी हात लावला ना." मी म्हणालो, "थांब." सातव्या-आठव्या मिनिटाला तारेवरून एक बुलबुल उतरला, चोचीत हिरवी अळी. दोन फांद्या बदलल्या, इकडेतिकडे पाहिले, आणि पिल्लाच्या उघड्या तोंडात ती अळी घातली.

मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे ती इथंच होती! मी उचललं तेव्हासुद्धा?"

होय, ती तिथेच होती. बहुतेक वेळा ती तिथेच असते. आपण दूर होण्याची वाट पाहत असते, एवढेच. श्रोतेहो, येत्या उन्हाळ्यात आपल्या अंगणात, गच्चीतल्या कुंडीत, किंवा जिन्याच्या कोनाड्यात एखादे घरटे दिसले, तर एक खुर्ची घ्या, ती मात्र जरा लांब ठेवा, आणि चार आठवडे पाहा.